आईबाबा गेल्यावर कळलेलं दत्तक : तुमच्या घरातले अनुभव

रानजाई
2023 नंतर कुणबी नोंदींसाठी गावोगाव जुनी दप्तरं उघडली, तेव्हा आम्हीही बाबांच्या शाळेत गेलो. बाबा जाऊन फार दिवस झाले नव्हते. गुरुजींनी 1954 चं जनरल रजिस्टर काढलं. बाबांच्या नावापुढचं वडिलांचं नाव आणि आडनाव तांबड्या शाईने खोडलेलं, वर आमचं आडनाव, शेऱ्यात बारीक अक्षरात 'दत्तकपत्रावरून बदल'. खोडलेलं आडनाव बाबांच्या मावशीच्या घरचं!
ती मावशी वारली तेव्हा बाबांनी मुंडण केलं होतं. मावशीसाठी कोण मुंडण करतं? मी शाळकरी होते, वाटलं फार माया असेल. आता चुलत आत्या सांगते, "तुझ्या आजीचं मूल जगत नव्हतं गं. धाकट्या बहिणीनं शाळेत जाणारा पोरगा दिला." म्हणजे बाबांना सगळं आठवत होतं. त्या दिवशी ते परतले तेव्हा अंगणात आजीनेच त्यांच्या अंगावर पाणी घातलं. दोघंही एक अक्षर बोलली नाहीत. हे कळल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. कुणाच्या घरी असं झालंय का?

बांधावरचा
आमचं जमिनीच्या फेरफार नोंदीत. कागद मोडीत, एका निवृत्त मास्तरांनी वाचून दिला. थोरल्या चुलतआजीला नवऱ्यामागे वारस नव्हता, तिने दिराचा मुलगा घेतला, तेच माझे वडील. सख्खे भाऊ शेजारच्या घरात आणि वडील त्यांना जन्मभर चुलतभाऊ म्हणाले. साऱ्या गावाला ठाऊक, मुंबईत वाढलेल्या आम्हालाच नाही. आता काकांच्या घरी गेलो की वडिलांचेच हात दिसतात, तीच जाड बोटं.

माईची_लेक
रानजाई, वाचून गलबलले. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

दोनगावची
आई 1962 ची, संस्थेतून आणलेली. ती गेल्यावर आजीच्या जुन्या ट्रंकेत लुगड्याखाली संस्थेचं पत्र मिळालं. चौकशीला गेले तर कळलं, 'कारा'च्या, म्हणजे केंद्राच्या दत्तक प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे मूळशोध (जन्मदात्यांचा शोध) दत्तक गेलेल्या माणसालाच करता येतो, तिऱ्हाइताला नाही. मी तिच्या पोटची, पण तिथे तिऱ्हाईतच. ज्या बाईने आईला संस्थेत सोडलं तिचं नाव झाकून राहावं हे मला पटतं, तिच्यावर काय वेळ आली असेल. पण आईलाच हे माहीत नव्हतं असं मला वाटतं, आणि ते फार लागतं. डॉक्टर विचारतात, आईकडे कुणाला साखर, हृदयविकार? दर वेळी गप्प बसते.

वकीलकाका
रानजाई, दत्तकपत्र नोंदवलेलं असेल तर दुय्यम निबंधकाकडे नक्कल मिळू शकेल. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याने नोंदवलेल्या, दोन्ही बाजूंच्या सह्या असलेल्या दत्तकपत्रावर न्यायालय विश्वास ठेवतं, उलट सिद्ध होईपर्यंत. दत्तहोम, म्हणजे दत्तक घेतानाचा होम, झालाच पाहिजे असंही नाही. त्याआधीचं असेल तर जुनी रूढी बघावी लागते. शाळेतून प्रवेश निर्गम उताऱ्याची, म्हणजे त्या रजिस्टरातल्या नोंदीची, सही-शिक्क्याची प्रत आधी घ्या.

खडीसाखर
माझ्या आजीचं उलट, कागदच नाही! 1956 पूर्वी हिंदू कायद्यात मुलगी दत्तक घेताच येत नसे, काही ठिकाणच्या रूढी सोडल्या तर. तिला आणलं, वाढवलं, लग्न लावून दिलं, बास. आईला हे कळलं ते आजीच्या तेराव्याला, वाढणाऱ्या बायकांच्या बोलण्यातून.

गोदाकाठ
आम्हाला त्र्यंबकला उपाध्यायांच्या वंशावळीच्या वहीत मिळालं. आजोबांची सही आणि वडिलांच्या नावापुढे स्पष्ट 'दत्तक'. आजोबांनी देवाच्या दारात खरं लिहून ठेवलं, घरात मात्र नाही.

बांधावरचा
@गोदाकाठ, वही बघायला गावाचं नाव लागतं ना? मुक्काम कुठे केलात? आमच्या ताईला जायचंय, गुडघे दुखतात तिचे.

गोदाकाठ
गाव, आडनाव आणि जात, तिन्ही. गावागावाचे उपाध्याय ठरलेले असतात, आधी फोन करून विचारा. मुक्काम नाशकातच करा, ताईंना बरं पडेल. सकाळी मिसळ खाऊन निघा :)

माईची_लेक
आले. @दोनगावची, माझी नणंद तशीच आहे, तिला सासूबाईंनी लहानपणीच सांगितलं होतं. दरवर्षी घरी आणल्याच्या तारखेला शिरा करतात. तुझ्या आईसाठी करशील का एकदा? मला तर करावासा वाटतोय.

दोनगावची
पत्रावर तारीख आहे. करते. मुलांनाही सांगते त्या दिवशी.

रानजाई
सगळ्यांचं वाचतेय, बसमध्ये आहे. काका, उतारा घेतलाय, दत्तकपत्राचं सोमवारी बघते. बाबांच्या मावशीचा धाकटा मुलगा अजून आहे, पंच्याऐंशीच्या घरात. दिवाळीत जाऊ म्हणते. काय म्हणून हाक मारू, काका ना?

बांधावरचा
काकाच. आणि दिवाळीची वाट बघू नका ताई, या रविवारीच जा.