पायथन, जावा की गो? काम लवकर कशात होतं? (मदत हवी आहे)

घाईगडबड
मंडळी, नवीन सर्व्हिस (मागे आपोआप चालणारा प्रोग्राम) लिहायची आहे. पायथन, जावा आणि गो या प्रोग्रामिंग भाषांपैकी कशात काम सगळ्यात लवकर उरकेल? सोमवारी साहेबांना सांगायचंय. "प्रत्येक भाषेचे फायदे-तोटे असतात" हे माहीत आहे, ते कृपया नको. एक नाव सांगा.

सव्यापसव्य
सर्व्हिस करणार काय? टीममध्ये किती जण, त्यांना काय येतं? आत्ता काय चालू आहे?

नंदीबैल
पायथन. डोळे झाकून. जावावाले क्लासची नावं ठरवेपर्यंत आमचं प्रॉडक्शनला, म्हणजे प्रत्यक्ष वापरात, गेलेलं असतं.

जुनाखोड
आणि मग रात्री दोनला तिथेच आपटतं. टाइप, म्हणजे कुठे आकडा नि कुठे मजकूर हवा ते, तपासणारं कोणी नसलं की लिहिताना वाचवलेला वेळ डीबग करताना (चुका शोधताना) व्याजासकट जातो.

नंदीबैल
अहो, टाइप लिहून ठेवायला टाइप हिंट पायथन ३.५ पासून आहेत, म्हणजे २०१५ पासून. ते तपासणारं मायपाय लावा की.

जुनाखोड
लावा म्हणणारे खूप. लावलेलं दाखवा.

घाईगडबड
भांडू नका हो. रात्री फाइली येतात, त्या तपासून डेटाबेसमध्ये टाकायच्या, एवढंच.

गोपाळ_गो
मग गो. एकूण २५ कीवर्ड (भाषेचे राखीव शब्द), नवीन माणूस पटकन कामाला लागतो. कंपाइल लगेच होतं. कोड आपोआप एकसारखा मांडणाऱ्या गोएफएमटीमुळे कंस कुठल्या ओळीवर यावरचे वाद बंद. २०१२ च्या गो १.० आवृत्तीसाठी लिहिलेला कोड आजही सहसा तसाच चालतो.

जुनाखोड
आणि दर तिसरी ओळ 'इफ एरर नॉट इक्वल टू निल', म्हणजे चूक झाली का ते तपासा. जेनेरिक्स (एकच कोड अनेक टाइपना चालवायची सोय) यायला २०२२ उजाडलं!

वाचनमात्र
थोडी भर. प्रेशेल्ट या संशोधकांनी २००० साली सात भाषांची तुलना छापली होती. सगळ्यांना एकच प्रोग्राम लिहायला दिला होता. पर्ल, पायथन वगैरे स्क्रिप्टिंगवाल्यांना सी, सी++, जावावाल्यांच्या साधारण निम्माच वेळ लागला. नंदीबैल, नाचू नका. स्क्रिप्टिंगवाल्यांनी आपला वेळ आपणच कळवला होता, आणि प्रोग्राम छोटा, एकट्याने लिहिण्याजोगा. दुसऱ्याचा कोड वर्षभर सांभाळायला किती वेळ जातो, हे त्यात येतच नाही. पुढे २०१४ मध्ये गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरचे प्रकल्प घेऊन भाषा आणि बग यांचा संबंध लावला गेला. २०१९ मध्ये दुसऱ्यांनी तोच डेटा पुन्हा तपासला तर बहुतेक निष्कर्ष टिकले नाहीत. त्यामुळे आकडे दाखवून कोणी एक नाव सांगितलं तर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

घाईगडबड
धन्यवाद, पण साहेबांना हे सांगू?

मोगरा_२
माझा भाचा आठवीत आहे. त्याला आधी स्क्रॅच (ठोकळे जोडून प्रोग्रामिंग) शिकवावं की थेट पायथन?

नंदीबैल
थेट पायथन!

जुनाखोड
ताई, वेगळा धागा काढा, नाहीतर याचं हे असंच चालू राहील.

सव्यापसव्य
घाईगडबड, टीमचं अजून सांगितलं नाहीत. आणि या फाइली आजवर कोण हाताळत होतं?

घाईगडबड
आहे एक जुनी सर्व्हिस. जावा, त्यावर स्प्रिंग बूट हे फ्रेमवर्क. सहापैकी चौघांना जावाच येतं. पण तिच्यात काम करणं अशक्य आहे: एक ओळ बदलली की बिल्ड (कोडचा चालता प्रोग्राम बनवणं) आणि टेस्ट मिळून पाऊण तास. म्हणून तर भाषा बदलायची ना.

सव्यापसव्य
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! पाऊण तास जावाला लागत नाही. बिल्डसाठी ग्रेडल आहे की मेव्हन?

घाईगडबड
ग्रेडल.

सव्यापसव्य
'--प्रोफाइल' लावून एकदा बिल्ड चालवा, वेळ कशात जातो त्याचा अहवाल मिळेल. माझा संशय टेस्टवर आहे. प्रत्येक टेस्ट क्लासमध्ये वेगवेगळे मॉकबीन (खऱ्या भागांऐवजी नकली भाग) असले, किंवा जागोजागी डर्टीजकॉन्टेक्स्ट ('कॉन्टेक्स्ट टाकून द्या' ही खूण) लावलं असलं, की स्प्रिंग कॉन्टेक्स्ट, म्हणजे ॲपचा सगळा सांगाडा, नव्याने उभा करत बसतं. मॉक एका समाईक बेस क्लासमध्ये आणा.

गोपाळ_गो
गोमध्ये ही भानगडच नाही.

सव्यापसव्य
चौघांना गो शिकवण्याची भानगड आहे.

घाईगडबड
डर्टीजकॉन्टेक्स्ट शोधलं. जवळजवळ प्रत्येक क्लासवर आहे. काढलं तर टेस्ट फुटतील का?

जुनाखोड
काही फुटतील. एकमेकींचा डेटा वापरणाऱ्या असतील त्या. आधी त्या सुट्या करा, ट्रान्झॅक्शनल लावून रोलबॅक होऊ द्या, म्हणजे टेस्टने डेटाबेसमध्ये केलेले बदल मागे घेतले जातील. मग एकेका क्लासवरून काढत चला.

नंदीबैल
इतक्यात पायथनमध्ये लिहूनसुद्धा झालं असतं.

मोगरा_२
बरं, मग पायथनचं चांगलं पुस्तक कुठलं?