पार्व्हो झालेल्या पिल्लाला अँटिऑक्सिडंट द्यावे का?

प्रश्न (गोरेगाव)
नमस्कार. आमच्या कुत्र्याच्या चार महिन्यांच्या पिल्लाची पार्व्होची (कुत्र्यांना होणाऱ्या आतड्यांच्या विषाणूजन्य आजाराची) चाचणी पॉझिटिव्ह आली असून सध्या रोज सलाईन सुरू आहे. डॉक्टरांनी व्हिटॅमिन ई आणि झिंक लिहून देताना ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो’ एवढेच सांगितले. आजार आतड्यांचा असताना हा ताण कुठून येतो? शेजारच्या काकू लसूण घातलेले चिकनचे पाणी द्यायला सांगतात, ते चालेल का?

उत्तर (पशुवैद्यक, मुलुंड)
लसूण कृपया अजिबात देऊ नका. कांदा-लसणातील गंधकयुक्त संयुगे कुत्र्याच्या तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनचेच ऑक्सिडीकरण करतात. त्या पेशी फुटतात आणि आधीच शौचावाटे रक्त गमावणाऱ्या पिल्लाचा पंडुरोग वाढतो. माणसाला जे अँटिऑक्सिडंट म्हणून दिले जाते, ते कुत्र्यात नेमके उलटे वागू शकते.

आता ताणाविषयी. पार्व्होचा विषाणू झपाट्याने विभाजन होणाऱ्या पेशींत वाढतो, त्यामुळे आतड्याच्या अस्तराला नव्या पेशी पुरवणारा थर आणि रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा यांवर त्याचा मुख्य घाला पडतो. अस्तर उघडे पडले की आतड्यातले जिवाणू रक्तात शिरतात, त्यांना मारण्यासाठी पांढऱ्या पेशी सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी संयुगे सोडतात, आणि ती आपले-परके न पाहता शेजारच्या निरोगी पेशींच्या आवरणातील मेदावरही तुटून पडतात. ती आवरता येण्यापलीकडे वाढणे म्हणजेच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. शरीराकडे त्यांना निष्प्रभ करणारी सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज अशी विकरे (एन्झाइम) असतात. पहिल्याच्या एका प्रकाराला तांबे व जस्त लागते, तिसऱ्याला सेलेनियम. जस्त आणि व्हिटॅमिन ई देण्यामागे हाच विचार असतो. मात्र ती जोड आहे. जीव वाचतो तो सलाईन, उलटी थांबवणारे औषध आणि अँटिबायोटिक यांवर.

उत्तर (लालबाग)
आमच्याकडेही पार्व्होतून उठलेली कुत्री आहे, म्हणून दोन गोष्टी जोडतो. व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांवर खर्च करू नये, कारण निरोगी कुत्र्याचे यकृत ते स्वतः तयार करते. झिंकचे माणसांचे सिरप परस्पर देऊ नये: जास्त झालेले जस्तही तांबड्या पेशी फोडते, आणि काही सिरपमध्ये गोडीसाठी झायलिटॉल असते, जे कुत्र्यांना विषारी आहे.

प्रश्नकर्ता
लसूण आजच बंद करण्यास सांगितले. उलट्या कालपासून थांबल्या आहेत. मग त्याला उपाशीच ठेवायचे का?

पशुवैद्यक, मुलुंड
नाही. पूर्वी तसे करत, परंतु आता लवकर, थोडे-थोडे खाऊ घालण्यावर भर असतो, कारण आतड्याच्या पेशींना पोषण आतड्यातल्या अन्नातूनच मोठ्या प्रमाणात मिळते आणि ग्लुटाथायोन (शरीर स्वतः बनवते ते अँटिऑक्सिडंट) बनवायला लागणारी अमिनो आम्लेही प्रथिनांतूनच येतात. आपल्या डॉक्टरांना विचारून मीठ-मसाला नसलेले उकडलेले चिकन कुस्करून मऊ भातासोबत चमचाभर द्या आणि उलटी झाली नाही तर दोन-तीन तासांनी पुन्हा तेवढेच द्या. रक्ताची पुढची तपासणी कराल तेव्हा पांढऱ्या पेशींचा आकडा इथे कळवा.