घरी अ‍ॅम्प टेस्ट करायचाय, लॅपटॉपवर भागेल का?

हौशी_सोल्डर: लॅमिंग्टन रोडवरून टीपीए३११६ या अ‍ॅम्प चिपचा बोर्ड आणलाय, २४ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावलाय. बोर्डावर १०० वॅट छापलंय, खरे किती निघतात आणि डिस्टॉर्शन (आवाजातली विकृती) किती ते स्वतः मोजायचंय. ऑडिओ अ‍ॅनालायझर लाखांत जातो, तो विषय सोडा. लॅपटॉप आहे, मल्टिमीटर आहे, बजेट फार तर १० हजार. स्पीकरची वायर सरळ लॅपटॉपच्या माइक जॅकमध्ये दिली तर चालेल का? हसू नका.

खटपट्या: हसत नाही, पण देऊ नकोस बाबा. माइक इनपुट मिलिव्होल्टसाठी असतो, तिथे १५ व्होल्ट गेले की संपलं. बॅलन्स्ड लाइन इनपुटवाला (दोन सिग्नल वायरींमधला फरक घेणारा) यूएसबी इंटरफेस, म्हणजे बाहेरचं साउंड कार्ड, सेकंडहँड बघ आणि रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर टाक, फुकट आहे, साइन वेव्ह सोडणं, हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतली भेसळ) मोजणं सगळं तेच करतं. आधी इंटरफेसचा आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडून बघ, रिकामा काटा किती दाखवतो बघतात ना तसं, कार्डाच्या स्वतःच्या डिस्टॉर्शनच्या खालचं काही तुला दिसणार नाही. आणि विंडोजचं ऑडिओ एन्हान्समेंट बंद कर, मी त्याच्यापायी दोन रात्री अ‍ॅम्पला शिव्या घातल्यात.

जळका_रेझिस्टर: थांब थांब, महत्त्वाचं राहिलं! हा बोर्ड बीटीएल (ब्रिज-टाइड लोड, स्पीकरची दोन्ही टोकं अ‍ॅम्पच चालवतो) आहे, म्हणजे स्पीकरचा मायनस हा ग्राउंड नाही, दोन्ही टोकांवर १२ व्होल्टच्या आसपास डीसी असतं. मी मायनसला कार्डाचं ग्राउंड जोडलं, इनपुटच्या केबलमधून तेच ग्राउंड बोर्डाला आधीच गेलेलं, झालं, आउटपुट सरळ शॉर्ट, कार्डही गेलं. दोन्ही टोकांना वेगवेगळा १० के आणि १ के (किलो-ओहम) रेझिस्टरचा डिव्हायडर (व्होल्टेज कमी करणारी जोडी) कर, १ के ची खालची टोकं बोर्डाच्या ग्राउंडला, मधला पॉइंट प्लसचा जॅकच्या टिपला (टोकाला), मायनसचा रिंगला (मधल्या कड्याला), स्लीव्ह (मागचा भाग) पण ग्राउंडला. लोडला, म्हणजे स्पीकरच्या जागी, ८ ओहम ५० वॅटचा अ‍ॅल्युमिनियमवाला रेझिस्टर, जुन्या सीपीयूच्या हीटसिंकवर कसून, हात लावू नकोस, चटका बसतो.

हौशी_सोल्डर: वाचलो दादा, उद्या तेच करणार होतो 🙏

हौशी_सोल्डर: झालं एकदाचं! १०० हर्ट्झची साइन (साधा मीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला भरवशाचा नाही म्हणून), वेव्हची डोकी चपटी व्हायच्या जरा आधी थांबलो, ८ ओहमवर १५.२ व्होल्ट. म्हणजे जेमतेम २९ वॅट. दुकानदाराने फसवलं की काय?

खटपट्या: अर्धवट फसवलं म्हण. डेटाशीटमध्ये दोन चॅनेलचे ५० अधिक ५० वॅट आहेत, पण ४ ओहमवर आणि १० टक्के डिस्टॉर्शन धरून. ८ ओहमला २४ व्होल्टमध्ये ३६ वॅटच्या वर साइन जाऊच शकत नाही, गणित करून बघ. ग्राफवर ५० हर्ट्झचा (घरच्या विजेचा) सुळका दिसतोय का?

हौशी_सोल्डर: हो, मोठा होता. लॅपटॉपचा चार्जर काढला, गायब 😄