म्हणे माइल्स डेव्हिसनं वरातीतली गाणी वाजवली!

पार्क चौकवाला: काल इथं कुणीतरी टाकलं, अमेरिकेतला जॅझ ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस, त्याचा १९८५ चा अल्बम 'यू आर अंडर अरेस्ट' म्हणजे अर्धी वरात अन् अर्धं भाषण. रात्रभर डोक्यात तेच घुमलालंय. हो, आहे त्यात सिंडी लॉपरचं पॉप गाणं 'टाइम आफ्टर टाइम', मायकल जॅक्सनचं 'ह्यूमन नेचर' पण आहे. पण सुरुवातीलाच पोलीस रस्त्यात अडवतात (त्यातला फ्रेंच बोलणारा पोलीस म्हणजे गायक स्टिंग), आणि शेवटी अणुबॉम्ब. १९५९ मध्ये हाच माणूस न्यूयॉर्कला बर्डलँड क्लबच्या दारात, आत त्याचाच कार्यक्रम चालू असताना, जरा हवेला उभा होता तर पोलिसांनी डोकं फुटेस्तोवर मारलं. त्याचा गाजलेला अल्बम 'काइंड ऑफ ब्लू' नुकताच आलेला तेव्हा. त्यानं नाही काढायचा असला अल्बम तर कुणी काढायचा? आणि हे इंग्रजांचा मार्शल लॉ बघितलेल्या सोलापुरात समजावून सांगावं लागतंय.

सात रस्ता: मीच टाकलं होतं, आणि मागं घेत नाही. मार खाल्ला म्हणून वाजवलेलं सगळं चांगलं होतं का ओ? 'ह्यूमन नेचर'मध्ये केलं काय, तर गाणाऱ्याच्या जागी ट्रम्पेट. आमच्या लग्नात बँडवाल्यानं हेच केलं, ते पण पाचशे रुपयांत.

क्लॅरिनेट काका: पाचशे रुपयांत म्हणे. आमचे वडील दिवसा गिरणीत आणि लग्नसराईत बँडमध्ये, गिरणी बंद पडली तेव्हा त्या क्लॅरिनेटवर पाच माणसं जेवली. नवऱ्याकडच्यांनी नवीन पिक्चरचं गाणं मागितलं तर रेडिओवर एकदा ऐकून संध्याकाळी वाजवायचं, चालता चालता, घोड्याच्या मागं. करून दाखवा. आता डॉल्बी आली, मागच्या महिन्यात गल्लीत काच तडकली, आईच्या कानात कापूस घालून बसवलं.

जुळे सोलापूर: डॉल्बीवर का घसरलात? माझ्या भाच्यानं कर्ज काढून बेस घेतलेत, त्याचं पोट नाही का? आणि बँडवाल्यांचं कौतुक मला सांगू नका, माझ्या लग्नात दीड तास उशिरा आले, ट्रम्पेटवाला आलाच नाही.

क्लॅरिनेट काका: ॲडव्हान्स दिला होता का?

जुळे सोलापूर: तो प्रश्न वेगळा आहे.

सात रस्ता: 😂

पार्क चौकवाला: अरे माइल्स राहिला बाजूला!

कडक भाकरी: मला जॅझमधलं ओ का ठो कळत नाही. पण आमच्या वस्तीत जयंतीला सिनेमाच्या चालीवर बाबासाहेबांची गाणी व्हायची, बाया धुणं टाकून ऐकायच्या. चाल ओळखीची म्हणूनच थांबायच्या ना? त्याला कधी कुणी वरात नाही म्हटलं.

सात रस्ता: ताई, तुम्ही माझंच बोलताय! तिथं त्याच चालीत नवे शब्द असतात. ह्यानं प्रेमाची गाणी एकीकडं ठेवली, पोलीस आणि बॉम्ब दुसरीकडं. सांधाच नाही. शिवाय तो सिंथेसायझर, आठवड्याचं शिळं पाणी प्यायल्यासारखा.

जुळे सोलापूर: आठवड्याचं तरी येतंय का तुमच्याकडं पाणी?

पार्क चौकवाला: पाण्याचा वेगळा धागा काढा! सांधा नाही म्हणता, १९६१ ला ह्यानंच डिस्नेच्या 'स्नो व्हाइट'मधलं 'समडे माय प्रिन्स विल कम' वाजवलं, त्याला तुम्ही क्लासिक म्हणता. लहान पोरांच्या कार्टूनचं चालतं, आणि रेडिओवरचं नाही?

सात रस्ता: त्यात सॅक्सोफोनवर कोल्ट्रेन होता.

पार्क चौकवाला: ह्यात गिटारवर स्कोफील्ड आहे, मॅक्लॉफ्लिन आहे. 'शक्ती' ग्रुपमध्ये तबल्यावरच्या झाकीरभाईंबरोबर वाजवणारा मॅक्लॉफ्लिन, का तो पण बँडवाला?

सात रस्ता: बरं बाबा, डिस्नेचं मान्य. 'टाइम आफ्टर टाइम' पण चांगलं आहे, झोप येत नसेल तेव्हा. बाकी मत तेच.

क्लॅरिनेट काका: आत्ता ऐकलं ते लॉपरचं. ट्रम्पेट लई थांबून थांबून वाजवतोय, वडील असंच वाजवायचे, मुलीच्या पाठवणीला. क्लॅरिनेट माळ्यावर आहे अजून, रीड (फुंकायची पट्टी) गेलीय. पुण्याला कोण चाललंय का या आठवड्यात?

जुळे सोलापूर: भाचा चाललाय शनिवारी, बेस दुरुस्तीला. नंबर सांगा रीडचा.

क्लॅरिनेट काका: अडीच. ॲडव्हान्स देतो.