पंचवीस लाखांची की पन्नासची? फॅमिली एसयूव्हीचे अनुभव लिहा

घरात सहा माणसं, त्यात सासूबाईंचे गुडघे. एक्सयूव्ही ७०० आणि सफारी चालवून पाहिल्या, पण नवऱ्याचा जीव जर्मन गाडीत अडकलाय. ज्यांनी पदरचे पैसे घातलेत त्यांनीच लिहा. यूट्यूबवरचं ज्ञान पुरेसं झालंय.

संभाजीनगर
आमच्या शेंद्र्याच्या कारखान्यात ऑडी क्यू३ची जुळणी होते आणि स्कोडा कोडिॲकचीही. मागच्या पिढीच्या कोडिॲकमध्ये क्यू३चंच २ लिटरचं, १९० पीएसचं पेट्रोल इंजिन. क्यू३ला पाच सीट, हिला सात. मी कोडिॲक घेतली. तिसऱ्या रांगेत फक्त पोरंच मावतात, हेही सांगून ठेवतो.

कोल्हापूर
माझ्याकडे प्रीमियम आहे, नाव घेत नाही. पावसाळ्यात करूळ घाट उतरताना खड्ड्यात टायर बाजूनं फाटला. रनफ्लॅट असला की पंक्चरवर ऐंशीच्या वेगानं ऐंशीएक किलोमीटर रेटता येतं; साइडवॉलच गेली तर काही नाही. डिकीत स्टेपनी नाही. वैभववाडीच्या पंक्चरवाल्यानं टायरवरचा साइज वाचला आणि हात झटकले, "ह्यो टायर हय गावाचो नाय." गाडी टेम्पोवर चढवून घरी, आम्ही एसटीनं. बायको अजून टोमणे मारते.
तरी विकणार नाही. रात्री पुण्याहून परतताना आई मागे झोपते, कराड कधी गेलं तिला कळत नाही. भावाच्या पंचवीस लाखांच्या गाडीत ती साताऱ्यालाच पाठ धरून बसते. ही शांतता सीट, सस्पेन्शन आणि काचांची. बोनेटवरच्या बिल्ल्याची नव्हे.

ठाणे
ऑन-रोडचा हिशेब करा हो. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स, डिझेलला १५. म्हणजे पंचवीसच्या पेट्रोलला सव्वातीन लाख, पन्नासच्या गाडीला साडेसहा. वर "कंपनीच्या नावावर घे, खर्चात दाखव" सांगणारे मित्र असतातच. कंपनीच्या नावावर पासिंग केलं की दर २० टक्के, हे ते सांगत नाहीत.

लातूर
जर्मन घेतली तर सर्व्हिसला गाडी दुसऱ्या जिल्ह्यात न्यायची, त्यात अख्खा दिवस जातो. आम्ही इनोव्हा हायक्रॉस घेतली नि सुटलो.

पिंपरी
"सुरक्षेसाठी महागडी घ्या" हे आता पटत नाही. एक्सयूव्ही ७००ला ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टचे पाच तारे २०२१मध्ये मिळाले, नव्या सफारीला २०२३मध्ये. जर्मनच हवी असेल तर तीन वर्षं जुनी बघा, पहिल्या मालकानं किमतीतली मोठी घट सोसलेली असते. वाढीव वॉरंटी शिल्लक आहे का, ते आधी विचारा. वॉरंटी संपल्यावर माझ्या एका हेडलाइटचं एस्टिमेट बघून मी खुर्चीत बसलो.
आणि ताई, सासूबाईंना शोरूमला साडीतच न्या. मधल्या रांगेत त्यांना स्वतःहून चढू-उतरू द्या, सेल्समनला हात द्यायला लावू नका.