मदत हवी आहे: पाण्याच्या रिपोर्टात ग्रॉस अल्फा लिमिटच्या वर, आरओ घेऊ का?

चिऊची_आई
नमस्कार, जरा घाईत विचारतेय. नळाच्या पाण्याचा रिपोर्ट आलाय, त्यात ग्रॉस अल्फा ०.६२ आहे, शेजारच्या रकान्यात लिमिट ०.५ आणि पुढे लाल अक्षरात 'जास्त'. बीटा ०.७४, त्याला ओके दिलंय. लॅबवाले म्हणतात आम्ही टेस्ट करतो, सल्ला देत नाही. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात फोन केला तर म्हणाले क्लोरिन टाकून देतो, काळजी करू नका. क्लोरिनचा याच्याशी काय संबंध?? घरात सहा महिन्यांचं बाळ आहे, पावडरचं दूध याच पाण्यात कालवते. आरओ लावला की प्रश्न मिटतो का एवढंच सांगा. आणि तोवर उकळून दिलं तर चालेल ना?

साधा_नळ
ताई उकळा बिनधास्त. चांगलं वीस मिनिटं खळखळून. उकळलं की सगळं मरतं, आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच चालू आहे.

खडकफोड
@साधा_नळ अहो मरतात ते जंतू. ग्रॉस अल्फा म्हणजे पाण्यातल्या युरेनियम, रेडियमसारख्या किरणोत्सारी मूलद्रव्यांतून निघणाऱ्या अल्फा कणांची एकूण मोजणी, बीटा हे दुसऱ्या जातीचे कण. युरेनियम, रेडियम मरत नाहीत आणि वाफेबरोबर उडतही नाहीत. पाणी आटतं, ते तेवढेच राहतात, म्हणजे वीस मिनिटं आटवलेल्या पाण्यात प्रमाण उलट वाढलेलं असणार. उकळून जातो तो रेडॉन, कारण तो गॅस आहे. ताई, जंतूंसाठी एक उकळी काढायची ती काढा, आटवत बसू नका.
आता मला सांगा, ०.६२ कशाचे? बेकरेल (सेकंदाला एक अणू फुटणं) प्रति लिटर की पिकोक्युरी (त्याहून बरंच लहान एकक)? पिकोक्युरी असेल तर काळजीचं कारणच नाही, अमेरिकेची लिमिट १५ पिकोक्युरी आहे. युरेनियम वेगळं मोजलंय का? आकड्यापुढे अधिक-उणे किती लिहिलंय? आणि पाणी नदीचं की जमिनीतलं?

चिऊची_आई
बेकरेल प्रति लिटरच लिहिलंय. अधिक-उणे ०.२१. पाणी सरकारी नळाचं आहे, नदीचं की जमिनीतलं ते मी कुठून सांगू? आरओ घेऊ की नको?

मीटरवाला
लॅबच्या नादी लागूच नका. सरळ एक गायगर काउंटर घ्या, किरणोत्सार मोजायचा मीटर, मी घेतलाय. ग्लासाजवळ धरायचा, टिकटिक वाढली तर पाणी खराब, नाही वाढली तर प्या. सेकंदात निकाल, पुन्हा पुन्हा कुणाला विचारायला नको.

खडकफोड
@मीटरवाला कृपा करून हा सल्ला बाळाच्या आईला देऊ नका. अल्फा कण पाण्यात मिलिमीटरभरसुद्धा जात नाही, तो ग्लासाबाहेर येऊन तुमच्या मीटरला कसा सापडेल? ०.६२ बेकरेल म्हणजे अख्ख्या लिटरभर पाण्यात तीन सेकंदांत जेमतेम दोन अणू फुटतात. म्हणून लॅबमध्ये पाणी आटवून ताटलीवर पातळ थर करतात आणि तासन् तास मोजतात. तुमचा मीटर गप्प राहणार आणि माणूस निर्धास्त होऊन पीत राहणार.

मीटरवाला
मग ग्रॅनाइटच्या ओट्यावर धरल्यावर कसा वाढतो? काहीतरी पकडतोच ना.

खडकफोड
तिथे गॅमा किरण पकडतो, आणि दगडात ती मूलद्रव्यं पाण्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. ओट्यासाठी ठेवा मीटर, पाण्यासाठी नको.

ढगफुटी
मला विचाराल तर हे अणुभट्टीचं गळणारं पाणी आहे. कुठेतरी सोडतात आणि कुणी बोलत नाही. आधी त्याची चौकशी मागा.

रेझिन
@ढगफुटी चौकशी मागायला हरकत नाही, पण भट्टीतलं पाणी असेल तर खुणा वेगळ्या असतात: सिझियम-१३७, स्ट्रॉन्शियम-९०, आयोडीन-१३१, ट्रिशियम. हे सगळे बीटावाले. इथे बीटा लिमिटच्या आत आहे आणि अल्फा वर गेलाय. असं पाणी बहुतेक वेळा खडकातूनच येतं, ग्रॅनाइटसारख्या खडकात युरेनियम असतंच, पाण्यात बायकार्बोनेट आणि विरघळलेला ऑक्सिजन असला की ते सुटून पाण्यात येतं. यात कुणाची बदमाशी नाही. बदमाशी असेल तर मोजून लोकांना न सांगण्यात आहे, आणि तिथे मी तुमच्याबरोबर आहे.
ताई, एकच सांगतो. ग्रॉस अल्फा हे रोगाचं नाव नाही, ताप आहे. कशाने आलाय ते ठरल्याशिवाय औषध ठरत नाही. रिपोर्टची बाकीची पानं बघा, युरेनियम, टीडीएस (विरघळलेले क्षार), पोटॅशियम असं काही आहे का?

जुना_वाचक
या विषयावरून आठवलं. १९२० च्या दशकात अमेरिकेत रेडियम घातलेलं पाणी टॉनिक म्हणून विकायचे, रेडिथॉर नावाने. एबेन बायर्स नावाचा मोठा उद्योगपती ते नेमाने प्यायचा, त्याच्या जबड्याची हाडं गेली आणि १९३२ मध्ये माणूस वारला. घड्याळाच्या तबकड्या रंगवणाऱ्या मुलींचं तर फारच वाईट झालं, ब्रश ओठांनी टोकदार करायच्या आणि रेडियम पोटात जायचं.

चिऊची_आई
काका प्लीज, माझ्या घरात लहान बाळ आहे, हे वाचून हात कापतायत.
@रेझिन दुसऱ्या पानावर आहे. युरेनियम १८ मायक्रोग्रॅम प्रति लिटर, टीडीएस ८४०, पोटॅशियम ६ मिलिग्रॅम. युरेनियमसमोर लिमिट ३० आणि ओके.

खडकफोड
@चिऊची_आई त्यांनी सांगितलेली माणसं तुमच्या पाण्यातल्यापेक्षा प्रचंड जास्त रेडियम पोटात घेत होती, तुलनाच नको.
हे १८ फार कामाचं आहे. नैसर्गिक युरेनियमच्या एका मायक्रोग्रॅमची अल्फा साधारण ०.०२५ बेकरेल. १८ ने गुणा, ०.४५ आले. म्हणजे ०.६२ मधले ०.४५ युरेनियमचेच. उरले ०.१७, आणि मोजणीतच ०.२१ इकडेतिकडे आहे. शिवाय जमिनीतल्या पाण्यात युरेनियम-२३४ (युरेनियमचाच एक प्रकार, तोही अल्फा सोडतो) चं प्रमाण बरेचदा चढं असतं, त्यामुळे उरलेलंही त्याचंच असू शकतं. टीडीएस ८४० आहे तर ताटलीवर क्षाराचा थर जाड होतो आणि मोजणी आणखी डळमळते. मला तरी घाबरण्यासारखं दिसत नाही.

शिस्तप्रिय
दिसत नाही कसं? ०.५ ही डब्ल्यूएचओची आहे. भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये अल्फाची मर्यादा ०.१ बेकरेल आहे. त्याने बघितलं तर सहापट जास्त. लॅब कुठल्या मानकाने लाल-हिरवं करते ते आधी विचारा.

खडकफोड
आणि अमेरिकेची १५ पिकोक्युरी म्हणजे सुमारे ०.५५ बेकरेल, तीही युरेनियम आणि रेडॉन वगळून. त्या हिशोबाने हे पाणी पास. आकडा तोच.

शिस्तप्रिय
म्हणजे सोयीचं मानक निवडायचं का?

रेझिन
दोघंही थांबा. डब्ल्यूएचओचा ०.५ हा गाळणीचा आकडा आहे, ओलांडला तर 'पुढची टेस्ट करा' एवढाच अर्थ. खरी कसोटी वर्षाच्या डोसची, रोज दोन लिटर पाणी धरून ०.१ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराचं माप). माणसाला निसर्गातून एरवी वर्षाला जगभराच्या सरासरीने २.४ मिळतोच. पण मोठ्यांचा हिशोब बाळाला जसाच्या तसा लावू नये. रेडियम कॅल्शियमच्या चुलत घराण्यातलं, वाढत्या हाडात जास्त धरलं जातं.
आणि एक गोष्ट कुणीच बोललं नाही. रेडियमचा एक प्रकार, रेडियम-२२८, बीटा सोडतं, अल्फाच्या आकड्यात ते दिसतच नाही. पोटॅशियमही निसर्गतः थोडं बीटा सोडतं, म्हणून बीटा ०.७४ मधून त्याचे वजा करा, ६ मिलिग्रॅमचे सुमारे ०.१७. उरले ०.५७. रेडियम-२२८ साठी डब्ल्यूएचओची पातळी ०.१ आहे. म्हणजे 'बीटा ओके' वर विसंबू नका, रेडियम-२२६ आणि २२८ वेगळं मोजून मागा. ताई, सँपल कुठल्या नळाचं होतं? बिल्डिंगला सॉफ्टनर आहे का?

चिऊची_आई
हो आहे की, पाणी जड आहे म्हणून सोसायटीने मोठा बसवलाय. सँपल बाथरूमच्या बेसिनचं घेतलं, लॅबचा माणूस म्हणाला घरातला कुठलाही चालेल. किचनची लाईन सॉफ्टनरला न जाता थेट येते, पिण्याच्या पाण्यात मीठ उतरायला नको म्हणून. आणि मिस्टरांनी चौकशी केली, नदीचं पाणी कमी पडलं की विंधन विहिरींचं मिसळतात म्हणे.

रेझिन
मग सगळा हिशोब परत करायचा. सॉफ्टनर कॅल्शियम पकडतो तसं रेडियमही पकडतो, युरेनियमला मात्र हात लावत नाही. म्हणजे तुम्ही तपासलं ते रेडियम बरंचसं निघून गेलेलं पाणी, आणि बाळ पितंय ते न निघालेलं. किचनमध्ये कदाचित काहीही नसेल, पण हा रिपोर्ट ते सांगू शकत नाही.

खडकफोड
हे पटलं. मी वर जे निर्धास्त म्हटलं ते बाथरूमच्या पाण्याला लागू, किचनच्या नाही.

हवा_पाणी
कुणी रेडॉनबद्दल का बोलत नाही? तळघर असेल तर तिथली हवा तपासा. पाण्यातला रेडॉन शॉवरमधून हवेत येतो, ३.८ दिवसांत निम्मा होतो, पंखा आणि खिडकी हा सोपा उपाय. मी तर सगळ्यांना सांगतो बाथरूमची खिडकी उघडी ठेवा.

चिऊची_आई
आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. आरओ??

आरओविरोधी
नको! पाणी वाया जातं आणि मिनरल निघून जातात. कार्बनचा फिल्टर लावा, भागतं.

रेझिन
@आरओविरोधी कार्बन रेडॉन धरतो, इथे रेडॉनचा प्रश्नच नाही. युरेनियम-रेडियमसाठी त्यावर विसंबू नये. पाणी वाया जातं हे खरं, पण फक्त पिण्या-रांधण्यापुरतं वापरलं तर सोसतं.
ताई, सरळ उत्तर: हो, आरओ घ्या, किचनच्या नळाला. युरेनियम आणि रेडियम दोन्हीचा मोठा भाग तो काढतो, म्हणून नाव कळायच्या आधीही लावता येतो. सोबत यूव्ही आहे म्हणून जास्त पैसे मागितले तर यूव्हीचा या कामाला उपयोग नाही. मेंब्रेन (आतला गाळणारा पडदा) वेळेवर बदला आणि लावल्यावर एकदा आरओनंतरचं पाणी तपासा, नुसत्या टीडीएस मीटरवर जाऊ नका. तोवर बाळाच्या दुधाला दुसरं, रिपोर्ट असलेलं पाणी वापरा. अंघोळ-धुण्याला नळाचं चालेल, युरेनियम-रेडियम कातडीतून आत जात नाहीत म्हटलं तरी चालेल.

शिस्तप्रिय
आणि पाणीपुरवठ्याला लेखी अर्ज द्या. प्रत्येक विहिरीचा वेगळा रिपोर्ट मागा. एकच विहीर खराब निघाली तर ती बंद करून किंवा नदीचं जास्त मिसळून सगळ्यांचं पाणी सुधारतं. प्रत्येक घराने आरओ लावायचा हा उपाय नाही, सगळ्यांना परवडत नाही.

चिऊची_आई
अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर देतोय, खालच्या मजल्यावरही दोन लहान मुलं आहेत. आरओवाल्याला बोलावलंय. किचनचं सँपल कसं घेऊ, साधी बाटली चालेल?

खडकफोड
बाटली लॅबकडूनच घ्या, प्लॅस्टिकची. त्यात नायट्रिक अॅसिड घालून ठेवतात, नाहीतर रेडियम बाटलीच्या भिंतीला चिकटतं आणि आकडा खोटा कमी येतो. ते अॅसिड तुम्ही हाताळू नका. नळ थोडा वेळ सोडून मग भरा, लेबलवर 'किचन, सॉफ्टनरशिवाय' लिहा, आणि नदीचं पाणी चालू आहे की विहिरीचं ते त्या दिवशी विचारून तेही लिहा. जमलं तर विहिरीचं चालू असतानाच घ्या.

मीटरवाला
बाटली लॅबला न्यायच्या आधी एकदा मीटर धरून बघायला काय हरकत आहे?

चिऊची_आई
लॅबने बाटल्या दिल्या. रेडियमचा रिपोर्ट यायला वेळ लागतो म्हणाले. आला की इथेच आकडे टाकते, युनिटसकट.