सोयाबीनच्या मुळावरची गाठ आणि मे महिन्यातले प्रशिक्षण

शिक्षिका, सांवेर तहसील

इंदूरजवळच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत मी तिसरी ते पाचवीच्या वर्गांना पर्यावरण अध्ययन शिकवते. सलग दोन वर्षे मी मुलांना सोयाबीनच्या मुळावरच्या गाठी दाखवून ‘हा रोग आहे’ असे सांगत होते. तिसऱ्या वर्षी एका मुलीचे आजोबा कुंपणापाशी उभे राहून ऐकत होते. ते आत आले, त्यांनी एक गाठ नखाने फोडली आणि आतला गुलाबी गर दाखवून सांगितले की, गाठ अशी गुलाबी निघाली म्हणजे ती काम करते आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर पीक उपाशी आहे. हवेतला नत्र पिकाला मिळवून देणारे जीवाणू त्या गाठीत राहतात, हे मला नंतर वाचून कळले.

या विषयाचे माझ्या सेवेतले एकमेव प्रशिक्षण मे महिन्यात, पंख्यांच्या घरघरीत, एका सभागृहात झाले. पडद्यावर मातीची चित्रे होती आणि खिडकीबाहेर भेगाळलेली काळी जमीन उन्हात पडली होती. तिच्याकडे जाऊन बघावे असे दोन दिवसांत कोणालाही वाटले नाही, मलासुद्धा नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की प्राथमिक शिक्षकांचे शेती व पर्यावरणाचे प्रशिक्षण जुलै ते ऑक्टोबर या काळात, महिन्यातून एक दिवस, जनशिक्षा केंद्राजवळच्या (आसपासच्या शाळांच्या शिक्षकांच्या एकत्र येण्याच्या केंद्राजवळच्या) उभ्या पिकात व्हावे. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 नुसार शिक्षकाने वर्षाला 50 तास प्रशिक्षण घेणे अपेक्षित आहे. सहा तासांचे चार दिवस धरले तर 24 तास होतात, म्हणजे त्या मर्यादेच्या निम्मेही नाहीत.

निवृत्त मुख्याध्यापक, रामबाग

ताई, आपली कळकळ समजते, तरीही मी विरोधात लिहितो आहे. शिक्षकाला पावसाळ्यात महिन्यातून एक दिवस शाळेबाहेर काढायचे, तर ज्या शाळेत दोनच शिक्षक आहेत तेथे त्या दिवशी पाच वर्ग एकाच्या गळ्यात पडतात. जनगणना आणि निवडणुकीची कामे शिक्षण हक्क कायद्याच्या 27 व्या कलमानेच आमच्यावर ठेवली आहेत; त्यांत आता शेताच्या बांधाची भर.

दुसरे, शेतकऱ्याच्या मुलाला शेती शिकवायला आपण कोण? बाप स्पष्ट विचारतो की पोराला औतामागेच चालवायचे असते तर शाळेत कशाला घातले असते. 1937 साली वर्ध्याला हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला गेला, तो पुढे कागदावर राहिला, यात या प्रश्नाचा वाटा मोठा आहे असे मला वाटते. आपल्याच मध्य प्रदेशात 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातील 16 माध्यमिक (सहावी ते आठवीच्या) शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला आणि 2002 साली शासनाने तो बंद केला. तीस वर्षे राबलेल्या शिक्षकांच्या हाती शेवटी काय राहिले?

कृषी पदवीधर, राजेंद्रनगर

ताईंची चूक अगदीच निराधार नव्हती. सूत्रकृमींमुळेही (मातीतल्या धाग्यासारख्या सूक्ष्म कृमींमुळेही) मुळांवर गाठी येतात आणि तो खरोखर रोगच असतो. फरक हाताला कळतो: सूत्रकृमीची गाठ म्हणजे मुळाचाच फुगलेला भाग असतो, तर जीवाणूंची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते आणि बोटाने चोळली की सुटते.

पण याच कारणाने मला वाटते की हे काम शिक्षकांवर सोपवू नये. अर्धवट शिकलेला शिक्षक एक चूक चाळीस मुलांना देतो. इंदूरला 1924 साली वनस्पती उद्योग संस्था उभी राहिली, जेथे आता कृषी महाविद्यालय आहे. तेथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ढीग तीनदा उलथून तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली, जी जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्थाही याच शहरात आहे. एवढे जाणकार हाताशी असताना कृषीच्या विद्यार्थ्यांनाच शाळांत पाठवावे.

पालक, सुदामानगर

माझा मुलगा शहरातल्या शाळेत चौथीत आहे आणि तेथे फरसबंदीशिवाय जमीन नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 1991 च्या निर्णयानंतर पर्यावरण हा विषय सर्वत्र आला, पण माझ्या मुलाच्या वहीत तो ‘झाडे आपले मित्र आहेत’ या वाक्यापलीकडे गेलेला नाही. घरी ओला आणि सुका कचरा वेगळा करणाऱ्या मुलाला ओल्या कचऱ्याचे पुढे काय होते हे सांगता येत नाही. त्यामुळे प्रशिक्षण हवेच. एक भीती मात्र मांडते: बागकामाच्या नावाखाली झाडू आणि पाण्याची बादली नेमक्या कोणत्या मुलांच्या हाती जाते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

शिक्षिका, सांवेर तहसील

सुदामानगरच्या ताईंची भीती खरी आहे आणि माझ्या मूळ लेखनात तिचा विचार नव्हता. पाळी हजेरीपटाच्या क्रमाने लावायची आणि त्यात शिक्षकाचेही नाव घालायचे, एवढे तरी प्रशिक्षणात पक्के व्हावे. जमीन नसेल तर काचेची बाटली पुरते: मूठभर माती पाण्यात ढवळून ठेवली की वाळू मिनिटभरात तळाशी बसते आणि काळ्या मातीची चिकण दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते.

राजेंद्रनगरच्या दादांना विचारते, पाहुणा एक दिवस येईल, पण सोयाबीन शेतात सुमारे शंभर दिवस उभे असते. पान पिवळे का पडले, हे मूल सोमवारी सकाळी मलाच विचारणार. कृषीचे विद्यार्थी मुलांकडे येण्याऐवजी आम्हा शिक्षकांकडे यावेत. गाठ चोळून बघण्याची जी खूण आपण आत्ता लिहिली, ती मला मे महिन्यात कोणी सांगितली नव्हती.

सर, होशंगाबादचा दाखला मला उलटा दिसतो. तेथे उन्हाळी शिबिरापाठोपाठ शिक्षकांच्या मासिक बैठका होत, ज्यांत वर्गात फसलेले प्रयोग मांडले जात. बंद करण्याचा निर्णय शिक्षकांचा नव्हता. आणि आजोबांनी गाठ फोडली तेव्हा त्यांची नात औतामागे नव्हती, ती माझ्या वर्गात बसून माझी चूक दुरुस्त होताना पाहत होती.

निवृत्त मुख्याध्यापक, रामबाग

होशंगाबादच्या बैठकांविषयी आपले म्हणणे मान्य. पण ते माध्यमिकचे शिक्षक होते, एका विषयाचे. प्राथमिकचा शिक्षक सगळेच विषय शिकवतो आणि वर माध्याह्न भोजनाची नोंदही ठेवतो. आपल्या चार दिवसांच्या बदल्यात त्याच्या टेबलावरची एक नोंदवही कमी करून द्या, मग मी माझा विरोध मागे घेईन. कोणती वही, ते आपण सुचवा.

शिक्षिका, सांवेर तहसील

सर, वृक्षारोपणाची. गेल्या वर्षी आमच्या वहीत 60 रोपे जिवंत होती आणि आवारात 11.